रंग पक्का करायला शिकवा, नुसतं पान उठवायला नको

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पळस फुललेल्या डोंगराचा मोठा फोटो छापला होता, लई भारी फोटो, आमच्या घरात तो अजून फ्रीजवर चिकटवलेला आहे. पण त्याच्या खाली लिहिलं होतं की या फुलांपासून आता बचत गटाच्या महिला कापड रंगवतायत, पानाफुलांची छपाई करतायत आणि शहरात त्याला चांगला भाव मिळतोय, ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी त्याच बायांपैकी एक आहे. अंबाजोगाई तालुक्यात बालाघाटाच्या कडेला आमचं गाव, माझं शिलाईचं काम, आणि गेली चार वर्षं आमच्या गटातल्या आम्ही सहा जणी हे करतोय. भाव मिळतो हे खरंय. पण एकदा घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येत नाही ते कुणी लिहीत नाही, तेवढं मला लिहायचंय.

सुरुवात अशी झाली की चार वर्षांमागं डिसेंबरात गावात एक दिवसाचं ट्रेनिंग आलं. कुणी ठेवलं होतं ते नाव लिहीत नाही, कारण माणसं मनानं चांगली होती आणि असं ट्रेनिंग फक्त त्यांनीच दिलं असंही नाही. सकाळी अकराला गाडी आली, बॅनर लागलं, चहा झाला. एका मॅडमनी बीट किसून उकळलं, त्यात पांढरा रुमाल बुडवला आणि बाहेर काढला तर असा राणी रंग की सगळ्या बाया आ करून बघत राहिल्या. मग जास्वंदीची फुलं कापडावर ठेवून वरून हातोडीनं ठोकली, निळसर जांभळा ठसा उठला. चार वाजता सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, गाडी गेली. आणि निम्म्या बाया तर त्या दिवशी गावात नव्हत्याच, डिसेंबरात आमच्या भागातल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या असतात हे इथल्या शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, तरी ट्रेनिंग नेमकं डिसेंबरात.

आम्ही मात्र हुरूप आला म्हणून बाजारातून कॉटनच्या म्हणून २५ ओढण्या आणल्या, बीटात आणि जास्वंदीत रंगवल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शनात स्टॉल मिळाला तिथं नेल्या. दोन दिवसांत १९ गेल्या. आम्हाला वाटलं आता काय, नशीब उघडलं. आठव्या दिवशी पहिला फोन आला. एक ताई होत्या, रागावल्या पण नाहीत, नुसतं म्हणाल्या की अहो बादलीभर गुलाबी पाणी निघालं आणि ओढणीवर मळकट डाग तेवढे राहिलेत, मी ही माझ्या नणंदेला ओवाळणीत द्यायला घेतली होती. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. त्यांचे पैसे परत केले, त्यांच्यामागून आणखी चौघींचे केले, बाकीच्यांनी फोनच केला नाही आणि तेच जास्त वाईट, कारण त्या आता कुणाच्याही स्टॉलवर नैसर्गिक रंग असं लिहिलेलं बघितलं की पुढं निघून जाणार.

आमच्या चुलत सासूबाई, त्यांना आम्ही सगळे थोरल्या बाई म्हणतो, वय पंच्याऐंशीच्या पुढं, त्या ओसरीवर बसून आमचा हा सगळा गोंधळ बघत होत्या. त्यांच्या माहेरी पूर्वी रंगाऱ्याचं काम होतं, त्यांच्या लहानपणीच ते बंद पडलेलं, पण आजोबांच्या मागं मागं फिरून त्यांनी थोडंफार बघितलेलं. त्या म्हणाल्या, ‘आगं, कापडाला आदी हिरडा पाजला का? तुरटी दावली का? मग रंग कशाला धरंल माय?’ एवढंच बोलल्या आणि तंबाखू मळायला लागल्या. सर्टिफिकेट देणाऱ्यांनी दिवसभरात जे सांगितलं नाही ते त्यांनी तीन वाक्यात सांगितलं.

मग आम्ही त्यामागं लागलो. विचारत गेलो, वाचत गेलो, मोबाईलवर बघत गेलो, वाया घालवत गेलो. आता जे कळलंय ते असं की सुती धाग्याला पानाफुलांचा रंग सहजी धरत नाही, रेशमाला आणि लोकरीला त्यामानानं लवकर धरतो. सुताला मधे दुवा लागतो. हिरडा चघळला की जीभ ओढल्यासारखी होते ना, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते सुतात शिरून बसतं, मग तुरटीतलं अॅल्युमिनियम त्या टॅनिनला पण धरतं आणि रंगाला पण धरतं, म्हणजे एका हातानं धागा आणि एका हातानं रंग. हे मधलं माणूसच नसेल तर रंग नुसता कापडावर येऊन बसलेला असतो, पाणी आलं की उठून जातो. आणि बीटाचं तर तुम्ही काहीही करा, त्याचा रंग सुताला टिकत नाही. जास्वंदीचा साबण लागला की फिरतो, उन्हात उडतो. हळद पण तशीच, आमच्या मराठवाड्यात वसमतची हळद एवढी नावाजलेली, सुताला ती लगेच लागते पण, आणि रंग कसा झळाळतो, पण चार ऊनं खाल्ली की गेली, आणि साबण लागला की लाल होते हे तर लग्नातल्या हळदीचे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

म्हणून आता आम्ही आधी कापड तोलतो. कोरं कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळायचं, पाणी फिक्या चहासारखं पिवळं निघतं, ती धाग्याची खळ आणि मेण, ते निघाल्याशिवाय पुढचं काही आत शिरत नाही. मग १ किलो कोरड्या कापडाला साधारण १५० ते २०० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून, गाळून, त्यात कापड. वाळवायचं. मग १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड. पुन्हा वाळवायचं. या सगळ्यात दोन-तीन दिवस जातात आणि अजून रंगाचा पत्ता नाही, कापड नुसतं पिवळट मळकं दिसतं. एक दिवसाच्या ट्रेनिंगमधून हेच गळतं बघा, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

आणि कापड खरंच सुती आहे का ते पण बघायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या २५ ओढण्यांत निम्म्या मिक्स निघाल्या. एक धागा काढायचा आणि काडी लावायची, सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटात मऊ राख राहते, टेरिकॉट असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. एक रुपया खर्च नाही, दुकानातच करता येतं, दुकानदार तोंड वाकडं करतो तेवढंच.

लोखंडाचं पाणी हा तर आमचा सगळ्यात आवडता भाग. जुनी बैलाची नाल, गंजलेले खिळे, विळ्याचं मोडकं पातं असं सगळं एका माठात, वरून गूळ आणि पाणी, आणि फडकं बांधून कोपऱ्यात १५-२० दिवस. घट्ट झाकण लावायचं नाही, वायू धरतो. फेस येतो, आंबूस वास सुटतो, मग तो वास बदलतो, पाणी काळसर होतं. हे पाणी नुसतं बघितलं तर काहीच नाही, पण हिरडा पाजलेल्या कापडावर त्याचा एक थेंब टाकला की डोळ्यादेखत काळा होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली की आवळा लोखंडी कढईत शिजवला की असाच होतो की गं, आणि बरोबर तेच आहे, तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं, जुन्या काळी शाईसुद्धा हिरडा आणि हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची, करायचे. त्या पाण्यात चिंचोक्याची खळ घालून दाट केलं की लाकडी ठशानं छपाई करता येते, पसरत नाही. चिंचोक्याची खळ म्हणजे घोंगडीच्या ताण्याला देतात तीच, आपल्याकडं काय चिंचोक्याला तोटा आहे का.

ज्यांना माठ भरून ठेवायला जमत नाही ते दुकानातून हिराकस आणतात. चालतं. पण १ किलो कापडाला २० ग्रॅम पुष्कळ झालं, जास्त लोखंड झालं की कापड कुजतं, वर्ष-दोन वर्षांत नेमकं जिथं काळं आहे तिथंच फाटतं, आमची एक साडी अशी पदरावर चाळणीसारखी झाली. आणि मोरचूद वापरू नका. काही व्हिडिओत हिरव्या रंगासाठी सांगतात. द्राक्षाच्या बागेत फवारायचं बोर्डो करायला वापरतात ते मोरचूद, विषारी आहे, ते पाणी कुठं ओतणार तुम्ही, आपल्याच बोअरजवळ ना. तसंच कण्हेर, धोतरा, रुई, गाजरगवत यांना हात लावायचा नाही, त्याची वाफ आणि चीक अंगावर घेऊन छपाई करायची गरज नाही.

आता पानाची छपाई. कापड ओलं करून पसरायचं, त्यावर पानं मांडायची, शिरांची बाजू कापडाला. एरंडाचं, डाळिंबाचं, पेरूचं, निलगिरीचं, बाभळीचं पान चांगलं उठतं. वरून लोखंडाच्या पातळ पाण्यात भिजवून पिळलेलं दुसरं कापड, मग बांबूवर घट्ट गुंडाळायचं आणि सुतळीनं करकचून बांधायचं, सैल राहिलं की ठसा फुटतो. इडलीच्या मोठ्या भांड्यात दीड-दोन तास वाफ. ते भांडं नंतर स्वयंपाकाला घ्यायचं नाही, आमच्याकडं त्यावर लाल ऑइलपेंटनं ‘रंग’ असं लिहूनच ठेवलंय. मग रात्रभर तसंच राहू द्यायचं, आणि हे सगळ्यात अवघड, सहाही जणींना रात्री झोप लागत नाही.

सकाळी सोडताना सुतळी कापडात रुतलेली असते, तिच्या पण बारीक रेघा उठलेल्या असतात. एकेक वेढा उलगडायचा. पान काळं पडून चिकटलेलं असतं, नखानं देठाकडून धरून हळू उचलायचं आणि खाली त्याची जागा दिसते, एरंडाची करवतीसारखी कड दातानदात आलेली, मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरा. मागच्या पावसाळ्यात एका पानाला किडीनं पाडलेलं भोक होतं, ते पण तसंच्या तसं आलं, मधे पांढरा ठिपका. मी ते कापड विकलं नाही, माझ्याकडंच आहे.

आता बघा, मी पानांची आणि फुलांची एवढी नावं घेतली पण ती सगळी एका वेळी मिळतात का. नाही. एक दिवसाच्या ट्रेनिंगनं काही होत नाही असं मी म्हणते त्याचं मोठं कारण हे आहे. फाल्गुनात पळस, त्याची फुलं उकळली की तुरटीवर पिवळा येतो आणि थोडा सोडा किंवा चुन्याची निवळी पडली की केशरी, रंगपंचमीला आपल्याकडं हाच रंग असायचा. उन्हात तो हळूहळू उतरतो, आम्ही गिऱ्हाईकाला हे सांगूनच विकतो, उशीचा अभ्रा घ्या म्हणतो, रोज उन्हात वाळणारा सदरा नको. मृगाचा पाऊस पडला की सागाला कोवळी पानं येतात. माझं माहेर किनवटकडचं, तिकडं सागाचं जंगल, लहानपणी आम्ही ते कोवळं पान तळहातावर चुरगळायचो आणि हात लाल झाला की मेंदी मेंदी करत नाचायचो, तेच पान कापडावर जांभळट लाल उठतं, पण जून पानाला ती गोष्ट नाही. पावसाळा सरताना मुरमाड रानात, गायरानात तरवड पिवळाधमक असतो, त्याच्या सालीनं कातडं कमवायचे एवढा त्याच्यात तुरटपणा. दसऱ्याला झेंडू, सकाळी तोरणाला आणि संध्याकाळी उकिरड्यावर, आम्ही देवळाच्या मागचा ढीग पोत्यात भरून आणतो, वाळवून ठेवतो, १ किलो कापडाला निदान अर्धा किलो वाळकं फूल लागतं. डाळिंबाच्या साली ज्यूसच्या गाड्यावरून, कांद्याची टरफलं आडतीवरून, ही दोन बारा महिने.

आणि करडई. करडईवर मला वेगळंच पत्र लिहावं वाटतं. आपण मराठवाड्यातली माणसं करडईचं तेल खाऊन मोठी झालो, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचं नावच परभणी कुसुम आहे, आणि कुसुंबी रंग म्हणजे याच फुलाचा रंग हे किती जणांना माहीत आहे. त्याच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात निघतो, तो धुवून धुवून काढून टाकायचा, पाणी नितळ येईपर्यंत. मग त्याच पाकळ्या सोड्याच्या पाण्यात चोळायच्या, आता दुसरा रंग सुटतो. मग त्यात कापड घालून लिंबू पिळायचं. उकळायचं नाही, गार पाण्यातच. लिंबाचा रस पडला की कापडावर गुलाबी चढायला लागतो, हळूहळू, जणू कुणाला लाज वाटतेय. तो पण उन्हाला नाजूक आहे, पण रंग असा की दुसरं काही त्याच्यासारखं नाही. फुलं वाळत आली की पाकळ्या काढल्या तरी बियांचं नुकसान नाही, फक्त काट्यात हात घालायचा म्हणजे दोन्ही हातांना फडकं गुंडाळावं लागतं. पण आता करडई पेरतंय कोण, सगळीकडं सोयाबीन आणि त्याच्यामागं हरभरा, आमच्या शिवारात मागच्या वर्षी दोघांची करडई होती आणि आम्ही दोघांच्या बांधावर जाऊन बसलो.

पाण्याचं पण सांगते, कारण ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मॅडम सांगत नाहीत, त्यांच्याकडं नळाला धरणाचं पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, डाळ शिजत नाही त्यात. त्याच पानांचा, त्याच कापडाचा एक तुकडा बोअरच्या पाण्यात केला आणि एक पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात केला, शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे वाटेनात, बोअरचा मळकट. तेव्हापासून पावसाचं पाणी दोन टाक्यांत धरून ठेवतो, ते फक्त रंगाला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे आम्ही जवळून बघितलंय, या भागात कुणी रंगाचा धंदा करायचा म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच पाहिजे. वाफेच्या छपाईला बुडवून रंगवण्यापेक्षा पाणी कमी लागतं, तुरटीचं पाणी आम्ही फेकत नाही, निम्मी तुरटी आणखी घालून दुसऱ्या घाण्याला वापरतो, आणि शेवटी शोषखड्ड्यात.

मागच्या वर्षी एक व्यापारी आला होता, म्हणाला दोन क्विंटल बाभळीची साल पाहिजे, भाव चांगला देतो. बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग खरंच पक्का असतो. पण दोन क्विंटल साल म्हणजे किती झाडं, आणि खोडाची साल गोल सोलून काढली की झाड वाळतं, त्याला तोडायची पण गरज नाही. नाही म्हणालो. गटात त्यावरून भांडण झालं, एकीचं म्हणणं होतं की आपण नाही दिली तर दुसरं गाव देईल, आणि तिचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही, तिच्या घरात त्या महिन्यात दवाखाना होता. शेवटी आम्ही ठरवलं की गळालेलं, छाटलेलं, वाऱ्यानं मोडलेलं घ्यायचं, एका फांदीची चारपेक्षा जास्त पानं घ्यायची नाहीत. आलीच्या, म्हणजे बारतोंडीच्या मुळ्यांचा लाल रंग पूर्वी फार चालायचा, तो पण आम्ही सोडून दिला कारण मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, तर माझी सगळ्या सरपंचांना विनंती आहे की त्या नोंदवहीत पळस, तरवड, बाभूळ, धायटी यांच्या पुढं उपयोगाच्या रकान्यात जळण आणि कुंपण एवढंच लिहू नका, रंग हा शब्द पण लिहा. रस्ता रुंद करताना आणि बांध पेटवताना कुणीतरी ती वही उघडून बघेल.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. आपलं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, त्याला पूर्वी तगर म्हणायचे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलंय की भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, आणि तगरहून गाड्या भरभरून साधं कापड आणि मलमल भडोच बंदराला जाते. बीडच्या, धाराशिवच्या रस्त्यानं दोन हजार वर्षांपूर्वी कापड जात होतं साहेब. नरसी नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यात, आणि तिकडं राजस्थान-पंजाबात कापडावर ठसे मारणारे छिपा लोक नामदेवांना आपलं मानतात. संभाजीनगरला रंगार गल्ली अजून आहे. आपल्या भाषेत रंगांची नावं पण झाडाफुलांची, डाळिंबी, वांगी, अबोली, जांभळा, केशरी, काथ्या, कुसुंबी. मग १८५६ ला इंग्लंडात पर्किन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला पहिला कृत्रिम रंग सापडला, १८६९ ला आलीच्या लाल रंगाची जागा घेणारा रंग कारखान्यात निघाला, १८९७ ला कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि पुढं खेड्यापाड्यातल्या रंगाऱ्यांची भट्टी एकेक करून विझत गेली. थोरल्या बाईंच्या आजोबांची त्यातलीच एक. त्यांच्याकडं जे होतं ते वहीत नव्हतं, हातात होतं, ते गेलं. आम्हाला ते पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतंय, आणि शोधताना गिऱ्हाईकाची ओवाळणी वाया घालवावी लागतेय, याचा मला राग आहे.

म्हणून ट्रेनिंग ठेवणाऱ्या सगळ्यांना, सरकारी असो की संस्था, माझं एकच मागणं आहे. एक दिवसाचं बंद करा. त्याच पैशात एका गावाला वर्षातून सहा वेळा या, अर्धा अर्धा दिवस या, पण पळसाला या, मृगाला या, दसऱ्याला या, करडईला या. निदान मृगातली आणि पावसाळ्यातली खेप चुकवू नका, तेव्हा ऊसतोडीच्या बाया गावात असतात आणि त्यांनाच हे काम जास्त गरजेचं आहे, एक हंगाम जरी कोयता टळला तरी त्या घरातल्या पोरीची शाळा बुडत नाही. आणि सर्टिफिकेट देण्याआधी कापड धुवून दाखवायला सांगा. धुण्याचा पक्केपणा १ ते ५ आणि उन्हाचा पक्केपणा १ ते ८ अशा आकड्यांत मोजतात, ते काम प्रयोगशाळेचं. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं, म्हणजे आताचं सामुदायिक विज्ञानाचं कॉलेज आहे, तिथं वस्त्रशास्त्र शिकवतात, बचत गटांचे नमुने तिथं तपासून मिळायची काहीतरी सोय लावा, नमुन्याचा खर्च आम्ही अर्धा देऊ. शहरातली बाई ८०० रुपये देऊन स्टोल घेते तेव्हा तिला त्यावर एक चिठ्ठी मिळाली पाहिजे की हा रंग कशाचा, किती धुण्याला टिकला, उन्हात ठेवायचा की नाही. आम्ही आता हातानं लिहून तशी चिठ्ठी लावतो. गेल्या वर्षी विकलेल्यांतलं एकही परत आलेलं नाही, आणि अकरा बायांनी दुसऱ्यांदा घेतलंय, त्यांची नावं माझ्या वहीत आहेत.

पत्र ईमेलनं न पाठवता पोस्टानं पाठवतेय कारण सोबत कापडाचा एक तुकडा आहे, वीतभर. हिरडा, तुरटी, झेंडू आणि त्यावर एरंडाचं पान. त्याची अर्धी बाजू पुठ्ठ्यानं झाका आणि तुमच्या ऑफिसच्या ज्या खिडकीत दुपारचं ऊन येतं तिथं १५ दिवस लावून ठेवा, मग साबणानं धुवा आणि पुठ्ठा काढून दोन्ही बाजू शेजारी बघा. पिवळा थोडा उतरेल, पानाची काळी कड उतरणार नाही असा माझा अंदाज आहे. जे दिसेल ते छापा, उतरला असेल तर उतरला म्हणून छापा.

आपली वाचक,
एक शिलाई काम करणारी,
ता. अंबाजोगाई, जि. बीड